भिंतीवरची तलवार : खरी जुनी का शोभेची?

आपल्याकडे हॉलमध्ये भिंतीवर तलवार लावलेली घरं काही कमी नाहीत, आणि विचारलं की ही जुनी आहे का तर उत्तर दोनच, एक म्हणजे पणजोबांची आहे आणि दुसरं म्हणजे जुन्या बाजारात मिळाली, तो माणूस म्हणाला पेशवाईतली. असेलही. पण लांबून बघितलं तर खरी जुनी तलवार आणि शोभेसाठी बनवलेली तलवार यात फरक कळत नाही, दोन्हींच्या मुठीच्या टोकाला वाटी, दोन्हींचं पातं वाकडं, दोन्ही जरा काळपट. आणि इथेच घोळ होतो, कारण या दोन वस्तूंना वागवायची पद्धत जवळपास उलटी आहे. शोभेची तलवार तुम्ही घासा, चकाकवा, दरवर्षी पॉलिश करा, काही बिघडत नाही. जुन्या तलवारीला तेच केलं तर एका दुपारीत दीडदोनशे वर्षं पुसली जातात, आणि ती परत येत नाहीत. म्हणून भिंतीत ड्रिल मारायच्या आधी आपल्या हातात नक्की काय आहे ते बघा.

आधी शोभेच्या तलवारीबद्दल, कारण तिला उगाच हिणवलं जातं. रायगड-प्रतापगडाच्या पायथ्याशी, तुळजापूरला, जेजुरीला दुकानांत जी मिळते ती ही, बराचसा माल राजस्थानातून येतो, पितळी ओतीव मूठ, स्टेनलेसचं पातं, त्यावर जय भवानी किंवा वेलबुट्टी केमिकलने कोरलेली, लाल नाहीतर मरून मखमलीचं म्यान. लग्नात नवरदेवाच्या हातात असते ती हीच, सत्कारात देतात तीही हीच. हिच्यात कमीपणा काहीच नाही, फक्त कोणी हिला शिवकालीन म्हणून विकत असेल तर ती फसवणूक आहे.

खरी जुनी म्हटली तरी वाड्यांतून, देवघरांतून जी निघते ती बहुधा एकोणिसाव्या शतकातली असते, फार तर अठराव्या. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं मोठ्या प्रमाणावर काढून घेतली, पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला, त्यामुळे जे वाचलं ते कुठे माळ्यावर, कुठे देवापुढे. संस्थानांच्या शस्त्रागारांतला मालही नंतर बाजारात आला, बिकानेरच्या शस्त्रागारातल्या तलवारींच्या मुठीवर बारीक ठिपके ठोकून लिहिलेले आकडे दिसतात ते त्यातलेच. आणि अजून एक गोष्ट लोकांना पचत नाही, ती म्हणजे मराठ्यांच्या कितीतरी तलवारींची पाती युरोपातून आलेली होती. त्यांना फिरंग म्हणायचे. सरळ, लांब पातं जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावातून यायचं आणि मूठ इथे बसवली जायची. त्यामुळे पात्यावर परदेशी छाप दिसला म्हणून तलवार नकली ठरत नाही, उलट तो चांगला धागा असू शकतो. फक्त एवढं की हे छाप इथले कारागीरही उठवायचे, म्हणजे नुसत्या छापावरून निकाल लावू नये.

याचं एकदम ठसठशीत उदाहरण म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे पहिले रघुजी भोसले यांची तलवार. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आली, महाराष्ट्र सरकारने ती ४७.१५ लाखांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. तिचे फोटो झूम करून बघा. पातं सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचं, आणि पाठीजवळ देवनागरीत सोन्याने लिहिलंय, श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग. सेनासाहेब सुभा हा त्यांचा किताब, आणि शेवटचा शब्द बघा, तलवारीवरच लिहून ठेवलंय की ही फिरंग आहे. आता कल्पना करा की मधल्या काळात कोणीतरी ही तलवार चकचकीत करायची म्हणून बफिंगला दिली असती. ती सोन्याची अक्षरं पोलादात अगदी वरच्या वर बसवलेली असतात, पहिल्या हातातच गेली असती, आणि मग उरलं असतं एक कोणाचं तरी सरळ पातं.

तर ओळखायचं कसं. माझ्या मते सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे पात्याची जाडी. शोभेचं पातं सहसा एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेलं असतं, मुठीपाशी जेवढं जाड तेवढंच टोकापाशी. हाताने घडवलेलं लढाईचं पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, पाठीकडून वरून सरळ रेषेत बघितलं की लगेच दिसतं. यामुळेच जुनी तलवार हातात घेतली की वजन मुठीकडे येतं, आणि शोभेची टोकाकडे ओढते, बांबूच्या फोकासारखी लडबडते नाहीतर पहारीसारखी जड लागते. वजनावरून आठवलं, लोक सर्रास सांगतात की पूर्वीच्या तलवारी वीस-तीस किलोच्या असायच्या. नाही हो. लढायची तलवार साधारण पाऊण ते सव्वा किलो, थोडीफार पुढेमागे. जेजुरीचा ४२ किलोचा खंडा दसऱ्याला उचलतात तो देवाला वाहिलेला आहे, त्यावरून लढाईच्या तलवारींचा हिशोब करू नका.

दुसरं, मुठीचा जोड. जुन्या तलवारीत पात्याचं शेपूट मुठीच्या पोकळीत घालून लाख-राळेच्या मिश्रणाने पक्कं केलेलं असतं, जोडापाशी कधी कधी ती तांबूस-काळी राळ दिसतेही. शोभेच्यात बऱ्याचदा मागे आटे पाडलेला बारीक रॉड वेल्ड केलेला असतो आणि मुठीच्या टोकाला नट. मूठ ढिली झाली म्हणून ती नकली असं मात्र नाही, राळ जुनी होऊन सुटते, आणि अशा वेळी घरी एम-सील किंवा फेव्हिक्विक भरू नका, कृपा करून. राळ उष्णतेने मऊ होते, म्हणजे जाणकार माणूस ती सोडवून परत बसवू शकतो, एम-सील गेलं की कोणीच काही करू शकत नाही.

गंजाकडे बघायचं ते नीट बघा. खरा जुना गंज सगळीकडे सारखा नसतो, हाताळलेल्या जागी मूठ गुळगुळीत आणि तपकिरी, वाटीच्या खालच्या कोपऱ्यात काळा, घट्ट. ॲसिडने जुनं केलेल्या मालावर गंज एकसारखा नारिंगी असतो आणि जिथे हात कधी जाणार नाही तिथेही खड्डे तेवढेच. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला सगळे देतात, त्याचा इथे काही उपयोग नाही, कारण शोभेच्या पात्याला वापरतात ते ४२० किंवा ४४० ग्रेडचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. चुंबकाने फार तर मूठ पितळेची आहे का लोखंडाची एवढं कळेल.

आणि या दोन्हींच्या मधली एक जात आहे, तिथे जाणकारही अडखळतात. पातं जुनं, मूठ नवी, म्यान कालपरवाचं. किंवा मूठ देशी आणि पातं इंग्रज घोडदळाचं १७९६ च्या नमुन्याचं, अशी जोडणी त्या काळात खूप व्हायची आणि ती पूर्ण अस्सल आहे. शिवाय १९०३, १९११ च्या दिल्ली दरबारांच्या काळात साहेबलोकांना विकायला म्हणूनच बनवलेल्या नक्षीदार तलवारी आहेत, त्या शोभेच्याही आहेत आणि शंभर वर्षांहून जुन्याही आहेत. अशा तलवारीला जुनीसारखंच वागवा, शंका असली तरी जुनीच समजा, हा माझा सरळ नियम.

आता जपणुकीचं. सातारा भागात एका ओळखीच्यांच्या वाड्यातली तलवार मी दोन्ही अवस्थांत बघितलीय. आधी पातं करडं-काळपट, जवळ नेऊन तिरक्या उजेडात धरलं की वाहत्या पाण्यावर असते तशी बारीक नागमोडी रेघ सगळ्या पात्यावर. हे जौहर, मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची खूण, हे पोलाद दख्खनमध्ये व्हायचं आणि इराणपर्यंत जायचं. मग घरात लग्न निघालं आणि कोणीतरी हौसेने ती भांडी पॉलिश करणाऱ्याकडे दिली. परत आली ती स्टीलच्या ताटासारखी चकचकीत, टोकाची कड गोल झालेली, मुठीवरची चांदीची तारकशी जागोजागी नाहीशी. जौहर पोलादाच्या आतच असतो त्यामुळे निष्णात माणूस तो परत उठवू शकेल, पण चांदी गेली ती गेलीच, आणि घरच्यांना वाटत होतं की आपण तलवारीची सेवा केली. राग कोणावर काढणार, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून जुनीला सँडपेपर, तारेचा ब्रश, लिंबू, चिंच, पितांबरी, कोका-कोला, गंज काढायची लिक्विडं, यातलं काहीच नाही. मऊ सुती कापड, आणि त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोनचार थेंब, पातळ हात फिरवायचा आणि जादाचं पुसून काढायचं, बास. म्युझियमवाले मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स लावतात, मिळालं तर उत्तम. खोबरेल किंवा तिळाचं तेल लावू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि त्यावर धूळ बसून थर होतो. पातं उघड्या बोटांनी धरू नका, घामातल्या मिठाने पावसाळ्यात दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजून उठतात. स्टेनलेसच्या शोभेच्या तलवारीला यातलं काही नको, ओल्या फडक्याने पुसली तरी चालेल, पितळी मुठीला पितांबरी खुशाल लावा.

खंडेनवमीला शस्त्रपूजा होते तेव्हा हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. ओलं हळदकुंकू, गंध, फुलं, अक्षता पात्यावर तशाच राहतात, दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या गडबडीत कोणाचं लक्ष नसतं, आणि दिवाळीत बघावं तर तिथेच गंजाचे गोल डाग. पूजा जरूर करा, ती परंपरा मला स्वतःला फार मोलाची वाटते, फक्त हळदकुंकू पाटावर किंवा तलवारीखालच्या वस्त्रावर वाहा, फुलं मुठीपाशी न ठेवता समोर ठेवा आणि संध्याकाळी पातं कोरडं करून तेलाचा हात फिरवा.

भिंतीवर लावताना शोभेची तलवार ढालीसकट लाकडी फळीवर येते, मागे कडी असते, भिंतीत एक चांगला फिशर (स्क्रूसाठीचा प्लग) लावला की काम झालं. जुनीला भोक पाडायचं नाही, तार आवळायची नाही, डबल टेप तर नाहीच. दोन आधार, एक मूठ पात्याला मिळते त्या जागेजवळ आणि दुसरा पात्याच्या पुढच्या तिसऱ्या भागात, दोन्हींवर फेल्ट. बाहेरची भिंत टाळा, मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती आतून ओल धरते. बाथरूमच्या पलीकडची भिंतही नको, एसीच्या खालची पण नको. म्यान जुनं चामड्या-लाकडाचं असेल तर तलवार कायम त्यात ठेवू नका, आतली ओल पात्याला खाते, म्यान बाजूला वेगळं लावा, आणि मखमल असेल तर ऊन येतं तिथे नाही, रंग उडतो. सोफ्याच्या किंवा पलंगाच्या डोक्यावर कुठलीच लावू नका, आणि लहान मुलं असतील तर काचेची चपटी शोकेस करून घ्या, शोभेच्या तलवारीलाही टोक असतंच.

कायद्याच्या बाबतीत मात्र लोक या दोन्हींबद्दल एकाच वेळी चुकीचं बोलतात. शोभेचीवाले म्हणतात धार नाही म्हणून शस्त्र नाही, जुनीवाले म्हणतात अँटिक आहे म्हणून सूट आहे. आर्म्स ॲक्ट १९५९ खाली केलेल्या २०१६ च्या नियमांत तलवार नाव घेऊन आहे, आणि पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेली हत्यारंही त्यातच. वगळलंय ते घरगुती-शेतीची अवजारं आणि जे फक्त खेळणं म्हणूनच वापरता येईल ते, आणि स्टीलच्या बोथट पात्याला धार लावता येते, त्यामुळे त्याला खेळणं म्हणवून घेणं अवघड. अँटिक म्हणून जी सूट आहे ती निकामी जुन्या बंदुकांच्या संदर्भात लिहिलेली आहे, तलवारीवर ती ओढून ताणून लावू नका. कलम ४ प्रमाणे अधिसूचना लागू असलेल्या भागात तलवार बाळगायला परवाना लागतो, म्हणून लावायच्या आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि जमलं तर लेखी घ्या. कुरिअरने मागवलेल्या तलवारी जप्त झाल्याच्या बातम्या पुण्या-औरंगाबादेतून आलेल्या आहेत, तेव्हा ऑनलाइन कार्टमध्ये टाकताना विचार करा. भिंतीवरची उतरवून मिरवणुकीत नेणं हा वेगळाच विषय, जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश असतात तेव्हा त्यात दोन्ही तलवारी सारख्याच अडकतात.

एका ठिकाणी कायदा दोन्हींना वेगळं करतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याच्या घरी आजोबांची तलवार लावू, असं ठरवून ती चेक-इन बॅगेत टाकली तर ती तस्करी होते. त्याला शोभेचीच द्या, आणि तीही दिसायला फार जुनी असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्या, कस्टमवाल्याला लांबून फरक कळेलच असं नाही.

जुनी निघाली तर अजून एक काम लगेच करा. दोन्ही बाजूंनी, पाठीकडून, मुठीच्या आतून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून ती कोणाकडून कोणाकडे आली ते तारखेसकट कागदावर लिहा. पुढे कधी राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणच्या जाणकारांना दाखवायची वेळ आली तर ते तलवारीइतकाच तो कागद मागतील.