दोन्ही काटे एकदम चढले तर आधी डॅशबोर्डमागचा छोटा डबा बघा

जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतलेल्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते, गाडी तापतेय. टेम्परेचरचा काटा वर जाऊन चिकटलेला, मग रेडिएटर साफ होतो, थर्मोस्टॅट बदलला जातो, कोणीतरी हेड गॅस्केटचं नाव काढून पोटात गोळा आणतं, आणि या सगळ्यात शेजारच्या पेट्रोलच्या काट्याकडे कोणी बघतच नाही. तोही टाकी भरल्यावर फुलच्या खुणेच्या पलीकडे जाऊन बसलेला असतो. आता पेट्रोल आणि पाणी यांचा एकमेकांशी काय संबंध? दोन्ही काटे एकाच वेळी एकाच बाजूला चुकत असतील तर दोघांना जिथून सप्लाय मिळतो तिथे आधी हात घालायचा.

एमजीबी १९६२ ते १९८० इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला बनत होती. साठच्या दशकाच्या मध्यापासून तिच्यात स्मिथ्स कंपनीचं बायमेटलवालं पेट्रोल गेज यायला लागलं, काही वर्षांनी टेम्परेचरचं पण तसंच. या गेजमध्ये लोहचुंबक वगैरे काही नाही, दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली एक पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार, बस. तारेतून करंट गेला की ती तापते, एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो, पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणजे पेट्रोलचा काटा पण खरं तर उष्णताच मोजतोय! चावी फिरवल्यावर तो आळसावल्यासारखा हळूहळू चढतो तो यामुळेच, आणि वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं तरी नाचत नाही तेही यामुळेच.

पण गाडीचा व्होल्टेज कधी १२ तर इंजिन चालू असताना १४, आणि तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे नुसतं इंजिन चालू केल्यावर टाकीत पेट्रोल वाढल्यासारखं दिसलं असतं. म्हणून डॅशबोर्डच्या मागे एक छोटा पत्र्याचा डबा असतो, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आत परत तेच, बायमेटल पट्टी आणि गरम होणारी तार, फक्त इथे पट्टी वाकली की कॉन्टॅक्ट सुटतो, थंड झाली की परत जुळतो, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटसारखं. दिवसभर नुसतं चालू-बंद.

याला १० व्होल्टचा स्टॅबिलायझर म्हणतात पण त्यातून सलग १० व्होल्ट कधीच निघत नाहीत. निघतात ते एकतर पूर्ण १२ नाहीतर शून्य. १० चा वर्ग १००, १२ चा १४४, म्हणजे साधारण ६९ टक्के वेळ चालू राहिला की १० व्होल्टइतकीच उष्णता मिळते, १४ व्होल्ट असतील तर ५१ टक्के पुरतात. हे गणित डब्यातली पट्टी स्वतःच तापून-गार होऊन सोडवते, एकही ट्रान्झिस्टर न वापरता, मला तर हे आजही भारी वाटतं. पण त्यामुळेच डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडे वेड्यासारखे उड्या मारतात आणि लोक चांगला स्टॅबिलायझर कचऱ्यात टाकतात. साधा टेस्ट लॅम्प लावा, लुकलुकला तर डबा जिवंत आहे. सतत पेटलेला राहिला तर आतला कॉन्टॅक्ट सुटतच नाहीये आणि काट्यांना पूर्ण व्होल्टेज जातोय, म्हणून दोन्ही काटे वर.

तरी लगेच नवीन डबा मागवू नका. आतल्या तारेचं दुसरं टोक डब्याच्या पत्र्याला जोडलेलं असतं आणि पत्रा ज्या स्क्रूने बॉडीला बसवलाय तोच त्याचा अर्थ, म्हणजे अर्थिंग. रिस्टोरेशनमध्ये आतून मस्त नवा रंग मारलेला असतो, त्या रंगावरच डबा स्क्रूने आवळला की अर्थ गेला, तार तापत नाही, कॉन्टॅक्ट सुटत नाही. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासून उघडी करा, बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

डबा खरंच गेला असेल तर लोक आत ७८१० नावाची आयसी बसवतात, ती सलग १० व्होल्ट देते आणि काट्यांना फरक कळत नाही कारण उष्णता तेवढीच. फक्त १९६७ च्या आधीच्या गाड्या बहुतेक पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, जुन्या डब्याला उलटसुलट चालायचं, आयसीला नाही चालत. तिथे ७९ सिरीजची लागते, आणि तिची धातूची पाठ अर्थला नसून इनपुटला जोडलेली असते, म्हणजे ७८१० सारखी थेट पत्र्याला आवळली की शॉर्ट!

एकच काटा चुकत असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि त्याचा सेन्डर बघा, म्हणजे टाकीतली पातळी किंवा इंजिनाचं तापमान काट्याला कळवणारा भाग. टाकीतल्या सेन्डरचा रेझिस्टन्स रिकाम्या टाकीला साधारण २५० ओहम, भरलेल्या टाकीला २०-३० असतो. हिरवी-काळी वायर काढून तिथे मल्टिमीटर लावला की कळतं, हा मात्र इथे खरं बोलतो. सेन्डर बाहेर काढायचा असेल तर आधी बॅटरी सोडवा, पेट्रोलच्या वाफेशी मस्करी नको, आणि बाहेर आल्यावर त्याचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग, कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून बुडालेला असतो आणि काटा कायम रिकामंच दाखवतो.