लॅपटॉपचं झाकण कसं बंद होत गेलं

इंदूरच्या आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये लॅपटॉप घ्यायला गेलेला माणूस हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो: "पुढे रॅम वाढवता येईल ना?" उत्तर मॉडेलगणिक बदलतं. एकात एक स्लॉट रिकामा असतो, दुसऱ्यात अर्धी रॅम मुख्य बोर्डावर डाख देऊन (सोल्डर करून) कायमची जोडलेली आणि अर्धी स्लॉटमध्ये, तिसऱ्यात सगळीच बोर्डावर, म्हणजे आज जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप खेचून घेतल्या आणि रॅमचे भाव भडकले. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने ग्राहकांना रॅम विकणारा आपला 'क्रुशियल' हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. १६ जीबी आज परवडत नसेल तर ८ जीबीवर भागवून नंतर वाढवू, हा मध्यमवर्गीय हिशेब त्यामुळे दोन्हीकडून कोंडीत सापडला आहे. वाढवायची सोय कमी होत गेलेली, आणि पहिल्यांदाच जास्त घ्यावी तर खिशाला चाट.

ही सोय एका दिवसात गेली नाही. एकेक भाग, एकेक कारण देऊन गेला. त्यातली काही कारणं खरी होती, काही नव्हती. आणि दुरुस्तीच्या हक्कावरच्या आजच्या वादात ही दोन्ही सरसकट एकत्र केली जातात, हाच मोठा घोटाळा आहे.

१९९२ मध्ये आयबीएमने पहिला थिंकपॅड लॅपटॉप बाजारात आणला. या मालिकेची एक प्रथा दुरुस्ती करणाऱ्यांसाठी फार मोलाची ठरली: मॉडेलचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कंपनी सगळ्यांसाठी खुलं ठेवायची. कोणता स्क्रू आधी काढायचा, त्याची लांबी किती, कीबोर्ड कोणत्या बाजूला सरकवायचा, सुट्या भागाचा क्रमांक काय, सगळं चित्रांसकट. २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडे गेला तरी ती प्रथा टिकली. याच्या नेमकं उलट २०१२ मध्ये घडलं. ऑस्ट्रेलियातला एक तरुण निरनिराळ्या कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल्स फुकट उपलब्ध करून देत होता. तोशिबाने वकिलामार्फत त्याला आपली मॅन्युअल्स काढून टाकायला लावली. कागद तोच, पण एका कंपनीला तो लोकांच्या हातात हवा होता आणि दुसरीला कपाटात.

अर्थात थिंकपॅडलाही डोक्यावर घेऊ नये. याच मालिकेच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, वायफाय कार्डांची ठरावीक यादी असायची. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की मशीन सुरूच होत नसे, पडद्यावर फक्त एरर यायचा. स्क्रू उघडायची मोकळीक आणि आत आपल्या पसंतीचा भाग बसवायची मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसलं होतं.

बॅटरीची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी खालची खिट्टी सरकवली की हातात यायची. तिच्या खोक्यात १८६५० या प्रकारचे गोल सेल असत. माप नावातच आहे: व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी. दोन-तीन वर्षांत बॅटरी बसली की नवी आणायची, नाहीतर खोकं उघडून सेल बदलून देणारा कारागीर शोधायचा. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' हा नवा वर्ग पुढे आणला आणि त्यासाठी ३० कोटी डॉलरचा निधी उभा केला. अट अशी की १३ इंचांच्या आसपासचा पडदा असेल तर मशीनची जाडी १८ मिमीच्या वर जाता कामा नये. १४ इंच आणि त्यापुढच्यांना २१ मिमीची मुभा. ज्या मशीनची एकूण जाडीच १८ मिमी, त्यात १८ मिमीचा सेल मावणार कुठे? गोल सेल गेले, चपट्या पाकिटासारखे लिथियम पॉलिमर सेल आले. ते मऊ असतात, त्यांना बाहेरून कवच लागतं. लॅपटॉपची बॉडीच ते कवच झाली आणि बॅटरी आत गेली.

इथवरचं सगळं मान्य करायला हवं. पण चपटी बॅटरी आत बसवताना ती स्क्रूने बसवता येते, आणि आजही अनेक लॅपटॉपांत ती तशीच असते. खालचं पॅनल काढा, चार-सहा स्क्रू काढा, कनेक्टर सोडवा, झालं. ती गोंदाने चिकटवणं हा निव्वळ कंपनीचा निर्णय होता, पातळ मशीनची ती गरज नव्हती.

हा निर्णय सर्वांत ठळकपणे अ‍ॅपलने घेतला. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी मॅकबुक एअर कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला; त्यातली २ जीबी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली होती. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम सोल्डर केलेली, बॅटरी चिकटवलेली, डेटा साठवणारी एसएसडी कंपनीच्या स्वतःच्याच आकाराची. सुट्या भागांची विक्री आणि दुरुस्तीची मार्गदर्शनं देणाऱ्या आयफिक्सिटने त्याला १० पैकी १ गुण दिला. पुढे घडलं ते मात्र फारसं आठवलं जात नाही. अमेरिकेत संगणक पर्यावरणाच्या दृष्टीने किती बरा हे ठरवणारी ईपीट नावाची नोंदणी आहे. सहज सुटा करता येणं हा तिथला एक निकष. जून २०१२ च्या अखेरीस अ‍ॅपलने आपली ३९ उत्पादनं या नोंदणीतून काढून घेतली. लगेच सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रशासनाने सांगितलं की आमच्या खात्यांना यापुढे मॅक घेता येणार नाहीत. काही दिवसांतच, १३ जुलैला, अ‍ॅपलचे हार्डवेअर प्रमुख बॉब मॅन्सफिल्ड यांनी नोंदणी काढणं ही चूक होती असं पत्र काढलं आणि सगळी उत्पादनं परत यादीत आली. गोंदवाला रेटिनाही यादीत आला, ही त्या निकषांची मर्यादा. तरी सुट्या ग्राहकांच्या कुरकुरीने जे झालं नव्हतं ते एका शहराच्या खरेदी खात्याने आठवडाभरात घडवलं.

रॅमची गोष्ट निराळी आहे, आणि इथे कंपन्यांची बाजू खरोखर ऐकण्यासारखी आहे. एलपीडीडीआर ही कमी वीज खाणारी मेमरी कमी व्होल्टेजवर आणि फार मोठ्या वेगाने चालते. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातला तांब्याचा मार्ग जितका लांब आणि त्यात जितके सांधे, तितका सिग्नल बिघडतो. जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये तो वेग पेलत नाही. दुरुस्तीयोग्य लॅपटॉप बनवण्यासाठीच निघालेल्या फ्रेमवर्क या कंपनीचं उदाहरण घ्या. निरव पटेल यांच्या या कंपनीचा पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला; रॅम, एसएसडी, बॅटरी, पडदा, पोर्टसुद्धा वापरणाऱ्याने बदलावेत हेच त्यांचं ब्रीद. त्याच फ्रेमवर्कला २०२५ च्या आपल्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर करावी लागली, कारण निवडलेल्या एएमडी प्रोसेसरसोबत सुटी रॅम चालवता येईना. यावर मार्ग निघतो आहे. डेलने २०२२ मध्ये बोर्डावर आडवं झोपून स्क्रूने दाबलं जाणारं नवं मेमरी मॉड्यूल आणलं, डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक संस्थेने त्याच धर्तीचं कॅम२ हे मानक प्रसिद्ध केलं, आणि २०२४ मध्ये लेनोवोने एका थिंकपॅडमध्ये त्याचा एलपीडीडीआरचा अवतार बसवला. म्हणून माझं मत असं: रॅमच्या बाबतीत कायद्याचा बडगा नको, मानक पसरू द्या. बॅटरी, एसएसडी, कीबोर्ड, बिजागरी आणि मॅन्युअल यांच्या बाबतीत मात्र कुठलीही सबब ऐकून घेऊ नये.

बिजागरी आणि कीबोर्ड मुद्दाम म्हटलं. दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉपच्या बॉडीला ए, बी, सी, डी अशी पॅनलं म्हणतात: ए म्हणजे झाकणाची पाठ, बी म्हणजे पडद्याभोवतीची चौकट, सी म्हणजे कीबोर्ड-टचपॅडची बाजू, डी म्हणजे तळ. स्वस्त लॅपटॉपात हिंजचे, म्हणजे बिजागरीचे, स्क्रू पितळेच्या बारीक नटांत जातात आणि ते नट प्लॅस्टिकमध्ये नुसते दाबून बसवलेले असतात. हिंज घट्ट झाली की झाकण उघडताना सगळा जोर या प्लॅस्टिकवर येतो, नट उपटून येतो आणि पॅनल फाटतं. कीबोर्डचं तसंच. सी पॅनलला तो प्लॅस्टिकच्या डझनावारी बोंडांनी चिकटवलेला असतो, बोंडं वितळवून बसवलेली. एक की बिघडली तरी कारागिराला ती सगळी बोंडं तासून कीबोर्ड काढावा लागतो, नाहीतर ग्राहकाने अख्खं पॅनल घ्यायचं. यात वेगाचा किंवा सिग्नलचा काहीही संबंध नाही. इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या क्लासेसमध्ये शिकणाऱ्या मुलाचा सेकंडहँड लॅपटॉप, किंवा पुण्याला नोकरीला लागलेल्या मुलाने सुदामानगरला आई-बाबांकडे पाठवलेला जुना लॅपटॉप, प्रोसेसर जुना झाला म्हणून क्वचितच मरतो. हिंज, बॅटरी आणि कीबोर्ड त्याला आधी मारतात.

कायद्याची चाल गाड्यांपासून सुरू झाली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने वाहनांच्या दुरुस्तीचा हक्क मान्य केला. आपल्याकडेही पहिला मोठा दणका गाड्यांच्याच बाबतीत बसला: २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. लॅपटॉपपर्यंत हे यायला वेळ लागला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर १० पैकी दुरुस्ती गुणांक छापणं सक्तीचं केलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने सुटा भाग सॉफ्टवेअरने मूळ मशीनशी जखडून ठेवण्यावर बंदी घातली. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे. याच वाऱ्याचा परिणाम म्हणा, २०२४ च्या थिंकपॅड टी१४ मध्ये रॅमचे दोन्ही स्लॉट परतले आणि आयफिक्सिटने त्याला १० पैकी ९ दिले.

भारतात जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्या डिसेंबरात त्यासाठीचं पोर्टल आलं, आणि मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल सादर झाला. त्यातल्या सुट्या भागांच्या यादीत बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट आहेत. रोख उघडच फोन आणि टॅबवर आहे. लॅपटॉपने किती वाट बघायची?

मध्य प्रदेशात तरी वाट बघायची गरज नाही. बारावीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना राज्य सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये थेट खात्यात देतं. २०२५ मध्ये ९४,२३४ विद्यार्थ्यांना ते मिळाले, म्हणजे सुमारे २३५ कोटी रुपये. पैसा सरकारचा असला तरी खरेदी ९४ हजार घरांतून सुटी-सुटी होते, त्यामुळे कंपनीसमोर बसून अट घालणारं कुणी नसतं. सरकारने रकमेसोबत मॉडेलांची एक यादी काढावी: बॅटरी स्क्रूची, एसएसडीचा स्लॉट, हिंज आणि कीबोर्ड सुटे मिळणारे, मॅन्युअल खुलं, आणि पाच वर्षं सुट्या भागांची हमी. यादीत नाव यावं म्हणून कंपन्या तळाचं पॅनल बदलतील.