सर्व्हर क्लाउडवर नेण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"सगळं क्लाउडवर टाकायचंय, किती होतील?" असा फोन आम्हाला आठवड्यातून एकदा तरी येतो. पहिल्या फोनवर आम्ही आकडा सांगत नाही. काही जणांना त्याचा राग येतो, ते साहजिक आहे. पण तुमच्याकडे नेमकं काय चालू आहे हे न पाहता कोणी आकडा सांगितला, तर तो एकतर फुगवलेला असतो किंवा पुढच्या तीन महिन्यांत हळूहळू वाढत जातो. आकड्याआधी काय पाहावं लागतं, ते या पत्रकात सांगितलं आहे. भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यातल्या वीस ते दीडशे माणसांच्या कारखान्यांना आणि व्यापाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला, भाड्याने घेतलेला संगणक. तो हवेत नसतो आणि परदेशातच असतो असंही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे डेटा सेंटर सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच. म्हणजे तुमचा डेटा पुण्यातून पुण्यातच राहू शकतो. फक्त खातं उघडताना ठिकाण कुठलं निवडलंय ते डोळे उघडे ठेवून पाहावं लागतं. घाईत पुढे-पुढे करत गेलं की कधी कधी अमेरिकेतलं ठिकाण निवडलं जातं आणि मग "क्लाउड फारच स्लो आहे हो" अशी तक्रार येते.

आधी यादी

या कामातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे यादी. कोणता प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर आहे, त्याचा डेटा कुठे पडतो, तो कोण वापरतं आणि तो आणखी कुणावर अवलंबून आहे. ही यादी तुमच्या आयटीवाल्याकडे असते, पण अर्धीच. उरलेली अर्धी स्टोअरमध्ये, गेटवर आणि अकाउंट्समधल्या जुन्या माणसांच्या डोक्यात असते.

एका कारखान्यात आम्ही पाहणीला गेलो होतो. सर्व्हर रूम नीटनेटकी, सगळं कागदावर. परत निघताना स्टोअरमध्ये रॅकच्या मागे एक जुना डेस्कटॉप दिसला. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, वर धुळीचा थर आणि कॅबिनेटवर सेलोटेपने चिकटवलेला कागद : "बंद करू नये". का बंद करू नये, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी मॉनिटर लावून पाहिलं. रोज रात्री अकरा वाजता ते मशीन ईआरपीमधून (खरेदी, साठा, विक्री, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्या दिवशीच्या डिस्पॅचची फाइल काढून त्यांच्या मोठ्या ग्राहकाच्या पोर्टलसाठी तयार ठेवत होतं. तो छोटा प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा नोकरी सोडून सहा वर्षं झाली होती. त्या मशीनला ईआरपीचा सर्व्हर फक्त त्याच्या जुन्या आयपी पत्त्याने (नेटवर्कवर प्रत्येक मशीनला असणारा क्रमांक) माहीत होता. आम्ही सर्व्हर हलवला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरून उभे राहिले असते आणि ग्राहकाच्या गेटवर त्यांची नोंदच नसती.

असे आयपी पत्ते अनेक ठिकाणी दडलेले असतात. हजेरीच्या बोटाच्या मशीनमध्ये, बारकोड प्रिंटरमध्ये, वजनकाट्याच्या संगणकावर, एक्सेलच्या फाइलमध्ये कुणीतरी हौसेने जोडलेल्या डेटाबेसमध्ये. म्हणून आम्ही पूर्ण एक महिना नेटवर्कवर लक्ष ठेवतो. कोणतं मशीन कुणाशी बोलतंय ते नोंदवतो. महिना यासाठी, की पगाराचं काम महिन्यातून एकदा होतं आणि ते आठवड्याभराच्या पाहणीत दिसतच नाही. वर्षातून एकदाच, मार्चअखेर चालणारी कामं मात्र माणसांना विचारूनच कळतात.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे आम्ही तीन प्रश्न लिहितो. हे बंद पडलं तर पहिला फोन कोण करेल? किती तास बंद राहिलेलं चालेल? आणि डेटा गेलाच, तर किती तासांच्या नोंदी पुन्हा हाताने करायची तयारी आहे? या तिसऱ्या प्रश्नाला प्रत्येक मालक आधी "एकही नाही" म्हणतो. त्याची किंमत सांगितली की "चला, अर्ध्या दिवसाचं चालेल" असं म्हणतो. हे उत्तर मालकानेच द्यायचं आहे. आयटीवाल्याने नाही आणि आम्ही तर नाहीच.

"नेट फास्ट आहे" म्हणजे काय

इथे आम्ही थोडं थांबतो, कारण फसलेल्या बहुतेक स्थलांतरांचं मूळ इथेच असतं.

तुमच्या ईआरपीचा जुना प्रोग्रॅम प्रत्येकाच्या संगणकावर बसवलेला आहे आणि डेटाबेस सर्व्हरवर आहे असं समजा. पार्टीचं लेजर, म्हणजे खात्याचा उतारा, उघडलं की तो प्रोग्रॅम डेटाबेसला एकदा विचारत नाही. एकेक नोंद विचारत शेकडो वेळा ये-जा करतो. समजा ४०० वेळा. ऑफिसातल्या केबलवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे सगळं मिळून ०.२ सेकंद. कुणाला कळतही नाही. आता डेटाबेस मुंबईला नेला आणि साध्या ब्रॉडबँडवर एका फेरीला २० मिलिसेकंद लागले, तर तेच लेजर उघडायला ८ सेकंद. दिवसातून दोनशे वेळा लेजर उघडणारी अकाउंट्समधली ताई तिसऱ्या दिवशी तुमच्या केबिनमध्ये उभी राहील आणि तिचं बरोबरच असेल.

लाइन १०० एमबीची ३०० एमबीची केली तरी हे सुटत नाही. पाइप मोठा केला म्हणून अंतर कमी होत नाही. उपाय एकच : प्रोग्रॅम आणि डेटा दोघांना एकत्र ठेवायचं. दोघंही क्लाउडवर आणि माणसं तिथल्या स्क्रीनवर दुरून काम करतात. किंवा दोघंही ऑफिसातच. टॅलीचंही तसंच. प्रोग्रॅम इथे आणि डेटाचा फोल्डर क्लाउडवर, असा अर्धवट संसार करू नका.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरला हा त्रास फारसा नसतो, कारण त्याची ती शेकडो फेऱ्यांची ये-जा डेटा सेंटरच्या आतच होते.

आणि एक : ऑफिसला दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन हव्यात, आणि त्या दोन वेगळ्या बाजूंनी आलेल्या हव्यात. रस्ता खोदताना दोन्ही केबल एकाच खड्ड्यात तुटल्याचं आम्ही पाहिलं आहे.

काय न्यायचं, काय नाही

या धंद्यात यासाठी इंग्रजी आर अक्षराने सुरू होणाऱ्या सहा-सात शब्दांचं कोष्टक फिरत असतं. आम्ही घर बदलतो तसं करतो. काही सामान जसंच्या तसं उचलायचं, काही दुरुस्त करून न्यायचं, काही तिथे गेल्यावर नवंच घ्यायचं, काही जुन्या घरातच ठेवायचं आणि माळ्यावरचं बरंचसं भंगारात द्यायचं.

भंगाराचा भाग लोक विसरतात. तीन वर्षांत कुणी उघडलेलं नाही असं सॉफ्टवेअर प्रत्येक कंपनीत सापडतं. त्याचा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात काढून ठेवा आणि ते बंद करा. त्याचं भाडं कशाला भरायचं?

ई-मेल सगळ्यात आधी. अजूनही कितीतरी ठिकाणी मेल एकाच संगणकावरच्या आउटलुकमध्ये उतरलेली असते आणि ती हार्ड डिस्क गेली की दहा वर्षांचा पत्रव्यवहार जातो. इथे स्वतःचा सर्व्हर उभारू नका, तयार सेवा घ्या.

वजनकाटा, सीएनसी मशीनना प्रोग्रॅम पाठवणारा संगणक, मोजमापाच्या मशीनला जोडलेला संगणक हे जिथे आहेत तिथेच राहू द्या. नेट गेलं म्हणून काट्यावर गाडी अडकता कामा नये. यूएसबी डाँगलवर (संगणकात खोचायची लायसन्सची किल्ली) चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं आधी त्याच्या विक्रेत्याला विचारा. क्लाउडवरच्या मशीनला डाँगल खोचायला जागा नसते. सर्व्हरबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स त्या डब्याशी बांधलेलं असतं, ते उचलून नेता येत नाही. म्हणजे तो खर्च हिशेबात नवा धरायचा.

जुन्या आवृत्त्यांचंही पाहावं लागतं. विंडोज सर्व्हर २०१२चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेसचा ९ जुलै २०२४ रोजी. हे तसंच उचलून क्लाउडवर ठेवलं, तर कुलूप मोडलेलं कपाट नव्या घरात नेल्यासारखं आहे.

आणि स्पष्टच सांगतो : आठ-दहा माणसं, वॉरंटीतला सर्व्हर, एकच ऑफिस आणि बाहेरून कुणालाच काम करायचं नाही, अशी स्थिती असेल तर सध्या हलूच नका. फक्त बॅकअप रोज बाहेर जाईल अशी व्यवस्था करा. त्यात आमचा धंदा कमी होतो, हे आम्हाला कळतं.

पैशाचं गणित

तुलना करताना लोक सर्व्हरची किंमत आणि क्लाउडचं मासिक बिल समोरासमोर ठेवतात. सर्व्हरच्या बाजूला यूपीएसच्या बॅटऱ्या, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), एसी आणि वीज धरलेली नसते. ४०० वॅट खाणारा सर्व्हर चोवीस तास चालला तर महिन्याला २८८ युनिट होतात, एसीचे वेगळे.

उलट क्लाउडच्या बाजूलाही काही गोष्टी लपतात. डेटा आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. काही कंपन्यांचे दर डॉलरमध्ये असतात, त्यामुळे रुपया घसरला की बिल वाढतं. वर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळवायचं तर खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी भरलेला हवा.

जास्त पैसे वाया जातात ते विसरून चालू राहिलेल्या मशीनवर. चाचणीसाठी घेतलेलं मशीन रोज दहा तास, आठवड्यातून सहा दिवस चालवलं, तर १६८ पैकी ६० तास होतात. बाकीच्या वेळी ते आपोआप बंद होईल असं लावून दिलं की त्याचं भाडं निम्म्याहून खाली येतं. डिस्कचं भाडं तेवढं चालूच राहतं.

कायद्याच्या दोन गोष्टी

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर तो रोज घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारखी (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला) घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते आणि लॉग, म्हणजे मशीनवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. ते लॉग कुठे साठणार आणि रात्री दोन वाजता कळवणार कोण, हे आराखड्यातच लिहिलेलं असलं पाहिजे.

कोणता गुरुवार

आपल्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे प्रत्यक्ष हलवायचं काम बुधवारी संध्याकाळी सुरू होतं. पण कुठलाही गुरुवार चालत नाही. सात तारखेच्या आसपास पगार आणि टीडीएस, ११ला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विवरणपत्र, १५ला पीएफ, २०ला जीएसटीआर-३बी हे दुसरं विवरणपत्र, महिनाअखेरीस डिस्पॅचची धावपळ. २१ ते २७ या तारखांत मात्र प्रत्येक महिन्यात एक गुरुवार येतोच. आम्ही तोच धरतो. मार्चमध्ये तोही नको, आणि दिवाळीच्या आधी बोनसच्या आठवड्यातही नको.

बुधवारी संध्याकाळी सातपासून शुक्रवारी सकाळी आठपर्यंत ३७ तास मिळतात. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडच्या लाइनवर पाठवायला, लाइन पूर्ण मोकळी असली तरी, साधारण ५६ तास लागतात. म्हणजे सगळं एका सुट्टीत बसणारच नाही. म्हणून मोठा गठ्ठा आधीच्या दोन-तीन आठवड्यांत रात्री-रात्री पाठवतो आणि त्या बुधवारी फक्त मधल्या काळात बदललेलं तेवढं जातं.

त्याआधी एक रंगीत तालीम होते. नव्या सर्व्हरवर मागच्या महिन्याचा डेटा ठेवून तुमच्याच माणसांनी एक बिल, एक ई-वे बिल, एक पगारपत्रक आणि एक जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) काढून पाहायचं. आमच्या मुलांनी केलेली चाचणी पुरत नाही. बिलाच्या प्रिंटमध्ये एचएसएनचा (जीएसटीसाठी मालाचा संकेतांक) रकाना अर्धा कापला गेलाय, हे तुमच्याच माणसाच्या नजरेला दिसतं.

परतीची वेळही आधीच ठरवतो : गुरुवारी दुपारी चार. तोपर्यंत ठरलेल्या सगळ्या गोष्टी चालल्या नाहीत, तर जुना सर्व्हर पुन्हा सुरू करायचा आणि पुढचा महिना धरायचा. शुक्रवारी सकाळी नव्या सर्व्हरवर नोंदी सुरू झाल्या, की मागे फिरणं म्हणजे त्या सगळ्या नोंदी पुन्हा करणं.

किल्ल्या कुणाकडे

क्लाउडचं मूळ खातं तुमच्या कंपनीच्या नावावर असेल, आमच्या नाही. उद्या आमच्याशी पटलं नाही, तर तुम्हाला आमच्या दारात ताटकळावं लागू नये. ओटीपीचा मोबाइलही कंपनीच्या मालकीचा हवा. एका ग्राहकाकडे तो नंबर नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा होता, आणि पासवर्ड बदलायला त्याला त्याच्या गावी फोन लावावा लागला. माणूस भला, म्हणून निभावलं.

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून सर्व्हरच्या स्क्रीनवर काम करायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा ठेवायला आम्ही नकार देतो, कितीही घाई असली तरी. आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, कुलूपबंद वाट), मग आत.

आणि क्लाउडवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथलं ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. ज्यांचा बॅकअप दुसरीकडे नव्हता, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी त्या प्रतीतून डेटा परत उभा करून तुम्हाला दाखवतो.

जुना सर्व्हर

तो लगेच विकू नका. तीन महिने बंद करून तसाच ठेवा, नेटवर्कची केबल काढून. या काळात कुणाला काही कमी पडलं तर ते तिथे सापडतं, आणि एकदा तरी सापडतंच. नंतर डिस्क पुसून, ड्रिलने भोकं पाडून, बाकीचा डबा अधिकृत ई-कचरावाल्याकडे द्या आणि त्याची पावती फाइलला लावा. डिस्कला भोकं पाडताना आमचा माणूस हजर असतो. ड्रिल मशीन तुमच्या टूल रूममधलं चालेल.