तत्त्वज्ञांचा सामना, बॉट खेळाडू आणि पंचाची रिकामी जागा

प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात एका जागी चर्चा मोडायच्या बेताला येते. प्रोटॅगोरस लांबलचक भाषणं ठोकतो, सॉक्रेटिसला हवीत दोन वाक्यांची उत्तरं, आणि तो सरळ उठून निघतो. तेव्हा हिप्पियस तोडगा सुचवतो : एक पंच नेमा, कोणी किती बोलायचं ते तो बघेल. सॉक्रेटिस ऐकत नाही. पंच आपल्याहून कमी वकुबाचा असेल तर त्याने आपल्याला आवरावं हे बरं दिसत नाही, बरोबरीचा असेल तर तोही आपल्यासारखंच करणार, आणि प्रोटॅगोरसहून शहाणा माणूस आणणार कुठून? शेवटी सगळ्यांनीच मिळून लक्ष ठेवावं असं ठरतं. पुढे प्रोटॅगोरसच्या एका उत्तरावर श्रोते वाहवा करतात आणि सॉक्रेटिसला, कसलेल्या मुष्टियोद्ध्याचा ठोसा बसावा तशी, डोळ्यांपुढे अंधारी येते.

बॉट्सना, म्हणजे माणसासारखं बोलणाऱ्या प्रोग्राम्सना, तत्त्वज्ञ करून मैदानात उतरवायचं, त्यांच्या तोंडी आधी लिहिलेले संवाद घालायचे आणि वर समालोचन लावायचं, या कल्पनेचा उगम लोक विनोदी कार्यक्रमांत शोधतात. मला तो या ठोशात दिसतो. दोन्ही बाजूंची वाक्यं, मधली वाहवा, अंधारीसुद्धा प्लेटोने एकट्याने लिहिली आहे. निकाल आधीच ठरलाय म्हणून असा सामना खोटा म्हणायचा, तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागेल. (अकादमी आणि लायसियम ही नावंही मुळात अथेन्सच्या व्यायामशाळांची. खेळाचा वास तत्त्वज्ञानाला पहिल्यापासूनच आहे.)

आपल्याकडे न्यायदर्शनाने, म्हणजे तर्क आणि वादाचं शास्त्र मांडणाऱ्या प्राचीन परंपरेने, नियमच इतके बारीक केले की पंचाचं निम्मं काम तेच करतात. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत : सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडायची ती वितंडा. हरण्याच्या जागा, म्हणजे निग्रहस्थानं, मोजून २२. तेच ते बोललात, विषय सोडलात, उत्तर सुचलं नाही, तर गेलात. त्यातली दोन मला फार आवडतात. प्रतिपक्षाची चूक नसताना चूक दाखवली तर ते ‘निरनुयोज्यानुयोग’, आणि चूक झालेली असताना ती दाखवली नाही तर ‘पर्यनुयोज्योपेक्षण’. क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देत नाही. इथे तर अपील करायला विसरणं हाच पराभव.

मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत असाच एक खेळ होता. एकाने बहुधा खोटंच असलेलं विधान पत्करायचं आणि वेळ संपल्याची घोषणा होईपर्यंत त्याच्याशी विसंगत काही न बोलता तग धरायचा.

यंत्रं या गोष्टीत आली ती ‘स्क्रिप्ट’ हा शब्द घेऊनच. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉमने एलायझा या संभाषण करणाऱ्या प्रोग्रामविषयी लिहिलं तेव्हा त्याच्या नियमांच्या संचाला त्याने हेच नाव दिलं. एलायझाची सगळ्यात गाजलेली स्क्रिप्ट ‘डॉक्टर’, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाची. १९७२ मध्ये या डॉक्टरची गाठ पॅरीशी घालून देण्यात आली. पॅरी हा स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बीने बनवलेला, संशयग्रस्त रुग्णाची भूमिका करणारा प्रोग्राम. दोघं अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, बोलले. पॅरीच्या डोक्यात घोड्यांच्या शर्यती आणि सट्टेबाज, आणि डॉक्टर प्रत्येक वाक्य प्रश्न करून परत टोलवणार. गुण नाहीत, शिट्टी नाही, नुसती टोलवाटोलवी.

त्याच वर्षी म्युनिकच्या एका स्टेडियमवर मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूने जर्मन दूरचित्रवाणीसाठी तत्त्वज्ञांचा फुटबॉल सामना चित्रित केला : जर्मनी विरुद्ध ग्रीस, पंच कन्फ्यूशियस. शिट्टी वाजते आणि खेळाडू चेंडू सोडून विचारात गढून फेऱ्या मारू लागतात. जर्मन संघात खराखुरा फुटबॉलपटू बेकेनबाउर घुसवलाय, आणि समालोचकालाही त्याचं आश्चर्य वाटतं. या विनोदाचं मर्म समालोचनात आहे. मैदानात काहीच घडत नाही, आवाज मात्र अटीतटीच्या सामन्याचा.

तो आवाज पुढे यंत्रांनाही मिळाला. रोबोकप ही यंत्रमानवांची फुटबॉल स्पर्धा १९९७ साली नागोयात सुरू झाली. तिच्या सिम्युलेशन गटात दोन्हीकडचे अकरा-अकरा खेळाडू निव्वळ प्रोग्राम असतात, आणि त्यांचे सामने पाहून आपोआप समालोचन करणारे प्रोग्रामही थोड्याच काळात तयार झाले. खेळाडू झाले, समालोचक झाला. राहिला पंच.

२०१८ मध्ये जेफ्री अर्व्हिंग, पॉल क्रिस्टियानो आणि डारिओ अमोडेई यांनी मांडलं की दोन कृत्रिम बुद्धिमत्तांनी एकमेकींशी वाद घालावा आणि निर्णय माणसाने द्यावा. खोटं टिकवण्यापेक्षा खोडणं सोपं जाईल, अशी त्यामागची आशा. पुढच्याच वर्षी आयबीएमचा प्रोजेक्ट डिबेटर वादपटू हरीश नटराजन यांच्यासमोर उभा राहिला. विषय होता बालवाडीला सरकारी अनुदान. कौल श्रोत्यांचा, आणि आधीच्या व नंतरच्या मतदानात कोणी जास्त मतं फिरवली यावर निकाल. नटराजन जिंकले. सॉक्रेटिसने सुचवलेली सामूहिक पंचगिरी ती हीच, फक्त आकडेमोडीसह.

आता एकच भाषा-मॉडेल दोन्ही संघ, समालोचक आणि पंच अशा चारही भूमिका करू शकतं. असा सामना लिहवून घेतलात तर अडचण लवकरच कळते : खेळाडू फार सभ्य निघतात. समोरच्याने व्याख्या गुपचूप बदलली तरी दुसरा ‘तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे’ म्हणून पुढे जातो. पर्यनुयोज्योपेक्षण, दर दोन मिनिटांनी. मग लिहिणाऱ्याला अपीलही संहितेत घालावं लागतं.

म्युनिकच्या सामन्यात ते घातलेलं होतं. अगदी शेवटी आर्किमिडीजला चेंडूचं काय करायचं ते सुचतं, सॉक्रेटिस हेडर मारून गोल करतो आणि जर्मन खेळाडू पंचाभोवती जमतात. बाकीचे वास्तव आणि नीती यांवर हरकती घेत असतात, मार्क्स मात्र म्हणतो, ऑफसाइड होता.