दिल्लीत लावलेला काटा नागपुरात का चुकेल?

इतवारीच्या सराफ्यात मध्यंतरी एक अंगठी मोडीत देताना मी वजनाविषयी शंका काढली, तेव्हा दुकानदाराने काचेच्या पेटीतील इलेक्ट्रॉनिक काट्याकडे बोट दाखवून "मशीन खोटं बोलत नाही जी" असे सांगितले. ते खरेच आहे. फक्त त्या मशीनला वस्तुमान कळत नाही, ओढ कळते.

किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आणि वजन हे बल, हे आपण शाळेत घोकलेले असते. जुन्या तराजूची दोन्ही पारडी पृथ्वी सारखीच ओढत असल्याने तेथे हा भेद आड येत नसे. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात मात्र बहुधा धातूची एक पट्टी असते. ताटलीवरील वस्तूच्या ओढीने ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेली अतिशय बारीक धातूची नक्षी ताणली जाऊन तिचा विद्युतरोध वाढतो आणि या वाढीचेच ग्रॅममध्ये रूपांतर करून आकडा दाखवला जातो. हे रूपांतर गुरुत्वत्वरणावर, म्हणजे पृथ्वीची ओढ किती जोराची आहे याच्या मापावर, अवलंबून असते, आणि ते माप सर्वत्र सारखे नसते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, शिवाय ती स्वतःभोवती फिरते; त्यामुळे विषुववृत्ताकडे जावे तशी ओढ कमी होते, आणि दिल्लीत सुमारे ९.७९१ मीटर प्रति सेकंद वर्ग असलेले हे त्वरण नागपुरात सुमारे ९.७८६ भरते. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच येथे आणला, तर तो किलोमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे तोळाभर सोन्यामागे पाच मिलिग्रॅम, कमी दाखवील. (पौर्णिमेला चंद्र वजन ओढून घेतो असे मानणाऱ्यांसाठी: चंद्राचा परिणाम किलोमागे फार तर मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा असतो, आणि तो रोजच होतो.)

म्हणून काटा जेथे वापरायचा तेथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवावा लागतो. त्या वजनाचा वंश दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील ५७ क्रमांकाच्या प्लॅटिनम-इरिडियम प्रतीमार्गे फ्रान्समधील १८८९ च्या मूळ दंडगोलापर्यंत पोहोचत असे. २० मे २०१९ पासून तो दंडगोल निवृत्त झाला आणि प्लांक स्थिरांकाचे (अणुविश्वाच्या भौतिकशास्त्रातील एका न बदलणाऱ्या राशीचे) मूल्य ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद असे कायमचे ठरवून किलोग्रॅमची व्याख्या करण्यात आली. जूल-सेकंद या एककात किलोग्रॅम, मीटर व सेकंद दडलेले आहेत. मीटर प्रकाशाच्या वेगाने आणि सेकंद सीझियमच्या अणूने आधीच बांधलेला असल्याने किलोग्रॅम आपोआप निश्चित होतो.

मी वजन मागताच दुकानदाराने कुरकुरत मखमली डबीतून शिक्का मारलेले ५० ग्रॅमचे वजन काढले. दिल्लीचा काटा असता, तर त्याने ४९.९७४ च्या आसपास दाखवले असते. पडद्यावर ५०.००१ उमटले.