सौर शीड (होडीचे)

शिडाच्या कापडावर पातळ, वाकणाऱ्या सौरपट्ट्या बसवून वीज तयार करायची आणि त्या विजेवर होडीची मोटर चालवायची, या पद्धतीला सौर शीड म्हणतात. अवकाशयानाच्या सौर शिडाशी तिचा गोंधळ करू नये. जपानने २०१० मध्ये सोडलेले इकारोस यान प्रकाशाच्या दाबाने पुढे सरकत होते. होडीच्या शिडात ढकलण्याचे काम वाराच करतो. ऊन फक्त बॅटरी भरते.

ठाणे व पनवेल खाड्यांच्या काठी चेंदणी, दिवा, वाशीगाव, सारसोळे, दिवाळे असे कोळीवाडे आहेत. इथल्या बहुतेक होड्या आज इंजिनावर चालतात, पण शीड इथल्या पाण्याला नवे नाही. सकाळचा मतलई वारा आणि दुपारनंतरचा खारा वारा यांवर इथल्या कितीतरी पिढ्यांनी मासेमारी केली. सौर शिडाचा विचार या भागात करावासा वाटतो तो मुख्यतः जागेमुळे. उघड्या होडीला छप्पर नसते. नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) सुकाणूपर्यंत जाळी, दोर, बर्फाची पेटी आणि माणसे असतात. काचेचा सौर तक्ता ठेवायचा कुठे? मोकळी राहते ती फक्त डोलकाठीभोवतीची हवा.

अशा पट्टीत काच नसते. तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचा अतिपातळ थर प्लास्टिकच्या किंवा धातूच्या पापुद्र्यावर चढवतात, वरून पारदर्शक आवरण देतात आणि पट्टी शिडाच्या कापडावर चिकटवतात किंवा कडेने शिवतात. शीड वाऱ्याने फुगते तेवढा बाक ती सहज सोसते. तिला मारते ती घडी. ज्या रेषेवर शीड रोज दुमडते तिथे पट्टी आली, तर थोड्याच दिवसांत तिथे बारीक तडे जातात. म्हणून पट्ट्या घडीच्या रेषांमधल्या जागेत, शिडाच्या वरच्या भागात लावतात. तिथे सावली कमी पडते आणि वारा पट्टीला थंड ठेवतो. तापलेली पट्टी वीज कमी देते, त्यामुळे हा थंडावा महत्त्वाचा आहे.

सावली हा खरा शत्रू. पट्टीतले घट, म्हणजे वीज बनवणारे छोटे भाग, एकामागोमाग एक जोडलेले असतात. डोलकाठीला ताण देणाऱ्या दोराची बोटभर रुंद सावली त्यांतल्या एका घटावर पडली, तरी सगळ्या माळेचा प्रवाह आखडतो. यावर उपाय म्हणजे माळा लहान ठेवणे, प्रत्येकीला स्वतंत्र नियंत्रक देणे आणि अडलेल्या घटाला वळसा घालून प्रवाह जाऊ देणारे डायोड बसवणे.

ठाण्याचे अक्षांश सुमारे १९ अंश. मेच्या मध्याला इथे भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि उभ्या शिडाला ऊन जवळजवळ लागतच नाही. तेव्हा आडवे छप्पर केव्हाही सरस. सकाळ-संध्याकाळी हे उलटे होते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना त्याच्याकडे तोंड केलेले शीड त्या उन्हाचा सुमारे ८७ टक्के भाग घेते, आडवे छप्पर निम्माच. खाडीची दिशाही इथे मदतीला येते. हिवाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा खारा वारा घेऊन होडी उत्तरेला, म्हणजे ठाण्याकडे निघाली, की शिडाची वाऱ्याकडची बाजू नैऋत्येला तोंड करते आणि त्या वेळी सूर्यही नैऋत्येलाच असतो. परतताना शिडाचे दुसरे अंग वाऱ्याकडे येते, ते वायव्येला तोंड करते आणि ऊन तिरके लागते. म्हणून पट्ट्या शिडाच्या दोन्ही अंगांना लावाव्या लागतात, आणि खर्च वाढतो.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. अशी पट्टी पूर्ण उन्हात चौरस मीटरला साधारण १०० वॉट देते असे धरू. शिडाच्या एका अंगावर ४ चौरस मीटर पट्ट्या असतील तर कमाल ४०० वॉट. कोन, सावली आणि मीठ यांत निम्मे गेले, तर चार तासांत सुमारे ८०० वॉट-तास उरतात; १ किलोवॉटची मोटर त्यावर पाऊण तास चालेल. जेटीला लागण्यापुरती, वारा पडल्यावर घर गाठण्यापुरती ही वीज पुरते. दिवसभर वल्हे न मारता, डिझेल न जाळता फिरण्याचे श्रेय मात्र शिडातल्या वाऱ्याचेच राहील. वारा चांगला असेल तर मोटरचा पंखा पाण्याच्या वेगाने फिरून बॅटरी भरतो. होडीचा वेग त्यात थोडा खर्ची पडतो.

दुसरी अडचण साधी पण मोठी आहे. होडी बंदरात उभी असते तेव्हा शीड गुंडाळलेले असते, म्हणजे बॅटरी भरायला सगळ्यात निवांत वेळ असतो तेव्हाच पट्ट्या अंधारात असतात. एकट्या शिडावर विसंबणे त्यामुळे चुकीचे. २०१६-१७ च्या वाँदे ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत न्यूझीलंडचा कॉनराड कोलमन खनिज इंधनाशिवाय पोहोचला. पण शेवटच्या टप्प्यात त्याची डोलकाठी मोडली आणि त्याला तात्पुरत्या शिडावर किनारा गाठावा लागला. डोलकाठी गेली की शिडावरची वीजही जाते. केरळात वैकम ते तवणक्कडवू मार्गावर २०१७ पासून धावणाऱ्या ७५ प्रवाशांच्या ‘आदित्य’ बोटीवर सौर तक्ते छपरावर आहेत, आणि छप्पर असलेल्या बोटीसाठी तोच योग्य मार्ग आहे.

ठाणे खाडीत आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. पुलांखालून जायचे तर डोलकाठी आडवी पाडता यायला हवी. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि होडी एका कुशीवर कलून बसते, म्हणून तळ सपाट आणि वायर कोरड्या बाजूने नेलेली असावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेवढ्यात शीड उतरवून गोड्या पाण्याने धुवावे, जोडांवरचे हिरवे गंज-मीठ काढावे. २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेल्या इथल्या फ्लेमिंगो अभयारण्यात मोटरचा आवाज नसणे ही मोठी सोय आहे. भरतीच्या पाण्यावर वाऱ्याने सरकणारी होडी पाहून थवा उडेलच असे नाही. इंजिनाची फटफट मात्र त्याला दुरूनच कळते.