वाहनचालकाची नजर आणि पोलिसांचा अधिकार : ब्रिटनमधील नियमाची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये मोटार चालवायला परवाना लागू लागला तो १९०३ च्या मोटार कार कायद्यामुळे, आणि गाडीला नंबर प्लेट लावण्याची सक्तीही त्याच कायद्याने आली. पाच शिलिंग भरले की परवाना हाती पडत असे. अर्जदाराला गाडी चालवता येते का, समोरचे नीट दिसते का, हे कोणी विचारत नसे. १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने हा प्रश्न प्रथम विचारला खरा, पण त्याचे उत्तर अर्जदारानेच लिहून द्यायचे होते. पुढे जून १९३५ पासून वाहनचालन चाचणी सक्तीची झाली आणि त्याच दशकात २५ यार्डांवरून उभ्या गाडीचा क्रमांक वाचून दाखवण्याची अट रूढ झाली.

या अटीचे सारे आकर्षण तिच्या सोयीत होते. तक्ता नको, दवाखाना नको, डॉक्टर नको. रस्त्याच्या कडेला उभी असलेली कोणतीही गाडी पुरे. मूळ अंतर साडेतीन इंच उंचीच्या अक्षरांसाठी होते. प्लेटवरची अक्षरे सव्वातीन इंचांहूनही थोडी लहान, म्हणजे ७९ मिलिमीटरची झाली, तेव्हा त्याच प्रमाणात अंतर ६७ फुटांवर, मीटरमध्ये २०.५ वर आले. सप्टेंबर २००१ पासूनच्या प्लेटांवर अक्षरांची रुंदी घटली, म्हणून ते आणखी अर्ध्या मीटरने कमी होऊन २० मीटर झाले. हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाचा अक्षरतक्ता १८६२ पासून उपलब्ध होता. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून किमान ६/१२ दृष्टी (निरोगी डोळा जे अक्षर १२ मीटरवरून वाचतो, ते ६ मीटरवरून वाचता येणे) असावी, ही त्या मापातली अट ब्रिटिश नियमांत युरोपीय निर्देशानुसार २०१२ मध्ये आली. आडवे दृष्टिक्षेत्र किमान १२० अंश असावे, असाही दंडक आहे, मात्र तो रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला तपासता येत नाही. काचबिंदूने कडेची नजर गेलेला माणूस समोरची प्लेट खडाखडा वाचू शकतो, ही या चाचणीची मोठी उणीव आहे.

आपल्याकडच्या वाचकांना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. आरटीओत भरून द्यायच्या ‘नमुना १’ या स्वयंघोषणापत्रात, चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का, हा प्रश्न आजही आहे. अनेक अर्जदार तो वाचतही नाहीत, हा भाग वेगळा. मोटार वाहन कायद्याचे कलम १८६ शारीरिकदृष्ट्या अपात्र असताना वाहन चालवणे हा गुन्हा ठरवते, परंतु चालकाला आपल्या दोषाची जाणीव होती, हे त्यात दाखवावे लागते.

ब्रिटनमध्ये पोलिसांचे हात तुलनेने मोकळे आहेत. १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम ९६ नुसार, चालकाची नजर अधू असल्याचा सकारण संशय आल्यास पोलीस त्याला तिथेच चाचणी द्यायला लावू शकतात, आणि नकार देणे हाही गुन्हा ठरतो. १,००० पौंडांपर्यंत दंड, परवान्यावर तीन दंडगुण आणि न्यायालयाला योग्य वाटल्यास वाहन चालवण्यास बंदी, अशी शिक्षा आहे. मात्र चाचणीला दिवसाचा उजेड लागतो, त्यामुळे ज्या वेळी अधू नजरेचा धोका सर्वांत जास्त, त्या रात्रीच्या वेळी हे हत्यार निकामी ठरते.

त्याहून गंभीर त्रुटी एका मृत्यूमुळे उघडी पडली. फेब्रुवारी २०११ मध्ये एसेक्समधील कोलचेस्टर येथे कॅसी नावाची १६ वर्षांची मुलगी मोटारीखाली सापडून मृत्युमुखी पडली. चालक ८७ वर्षांचा होता. काही दिवस आधीच एका किरकोळ अपघातानंतर पोलिसांनी त्याची नजर तपासली होती आणि तो त्या चाचणीत नापास झाला होता. परवाना जमा करावा म्हणून अधिकाऱ्यांनी त्याची मनधरणी केली, पण त्याने ऐकले नाही. परवाना जागेवर काढून घेण्याचा अधिकार पोलिसांना नव्हता. तो रद्द करणार डीव्हीएलए ही परवाना देणारी सरकारी संस्था, आणि तिच्याशी होणाऱ्या पत्रव्यवहारात दिवस जात. कॅसीच्या आईने चालवलेल्या मोहिमेनंतर २०१३ मध्ये नवी कार्यपद्धती आली. त्यानुसार पोलिसांनी तातडीचा ईमेल केला की काही तासांत परवाना रद्द होऊ शकतो. लोक तिला ‘कॅसीज लॉ’ म्हणतात, पण हा संसदेने केलेला कायदा नव्हे; दोन कार्यालयांमधला वेळ कमी करण्याची ती व्यवस्था आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये थेम्स व्हॅली, हॅम्पशायर आणि वेस्ट मिडलंड्स या तीन पोलीस दलांनी महिनाभर, थांबवलेल्या प्रत्येक चालकाला २० मीटरवरची प्लेट वाचायला लावण्याचे जाहीर केले. रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी ‘ब्रेक’ ही संस्था त्यात सहभागी होती. एरवी अपघात झाल्यावर किंवा गाडी भरकटताना दिसल्यावरच ही चाचणी होते, म्हणून ही मोहीम वेगळी होती. पुढे मे २०२० मध्ये पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी आपली नजर गाडी चालवण्याइतपत ठीक आहे का, हे पाहण्यासाठी बार्नर्ड कॅसल या गावापर्यंत सुमारे ३० मैल गाडी चालवल्याचा खुलासा जाहीरपणे केला. डरहॅम पोलिसांची चौकशी टाळेबंदीच्या नियमांभोवतीच राहिली, पण नजरेची परीक्षा कशी घेऊ नये, हे त्या खुलाशाने घरोघरी पोहोचवले.

चालकाने स्वतःहून कळवावे, हा १९३० पासूनचा पाया मात्र हललेला नाही. सत्तरी गाठल्यावर दर तीन वर्षांनी परवाना नव्याने घ्यावा लागतो, तेव्हाही नजर ठीक असल्याचे चालकच लिहून देतो. मोतीबिंदू हळूहळू वाढतो आणि आपल्याला कमी दिसू लागले, हे ज्याचे त्याला उशिरा उमगते. अशा माणसाच्या शब्दावर व्यवस्था उभी आहे. एप्रिल २०२५ मध्ये लँकेशायरच्या कोरोनरने (संशयास्पद वा अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) अधू नजरेच्या चालकांमुळे झालेल्या चार मृत्यूंच्या चौकशीनंतर परिवहन मंत्र्यांना पत्र लिहून ही पद्धत युरोपात सर्वांत ढिली असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी ७० वर्षांवरील चालकांसाठी नेत्रतपासणी सक्तीची करण्याचा विचार सरकारी पातळीवर सुरू झाला. त्या चारपैकी दोघींना धडक देणारा चालक मात्र सत्तरीच्या आतला होता, आणि गाडी चालवू नका असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितल्यानंतरही परवाना त्याच्याजवळच होता.